दुसरीकडे कुणी शाबूत हवं

७ मे २०२५ रोजी दुपारी महाराष्ट्रात सोळा ठिकाणी युद्धाचे भोंगे वाजवून पाहिले गेले. मुंबई, पुणे, नाशिक, मनमाड, उरण, तारापूर अशी ती यादी होती. मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगरचं नाव होतं. बीडचं नव्हतं. तारापूरला अणुवीज केंद्र आहे, मनमाडला रेल्वेचं जंक्शन आहे. गेवराई तालुक्यातल्या आमच्या तलवाड्याला उंचावर त्वरितादेवीचं देऊळ आहे, भोवती कापसाची, बाजरीची, उसाची रानं आहेत आणि उत्तरेला गोदावरी आहे. भोंगा इथवर ऐकू येणं शक्यच नव्हतं. भीती मात्र पोचली. ती मोबाइलवरून पोचली आणि घराघरात चुलीपाशी जाऊन बसली.

भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या दिवसांत किती निरोप फिरले! एटीएम बंद होणार, पैसे काढून ठेवा. सरकारी यंत्रणेला ते खोटं असल्याचं जाहीर करावं लागलं. पाकिस्तानात किराणा टेकड्यांवर बॉम्ब पडला आणि विषारी किरणं सुटली, असंही आलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अशी कोणतीही गळती झालेली नाही असं सांगितलं, पण ते सांगणं गावात उशिरा आलं, भीती आधी आली होती. मग अणुबॉम्बपासून वाचायचं कसं, याचे व्हिडिओ सुरू झाले. लखलखाटाकडे पाहू नका. पालथे पडा. तळघरात जा. बाहेरचे कपडे काढून पिशवीत बांधा. किमान एक दिवस दारं-खिडक्या उघडू नका. ते पाहून माझ्या चुलतीने विचारलं, "माय, आपल्याकडं येतंय का गं ते?" आणि थोड्या वेळाने, "जनावरांचं काय करायचं?"

जगातल्या कुठल्याही सूचनापत्रकात हा दुसरा प्रश्न पहिल्या ओळीत नसतो. दावणीला गाय आणि वासरू असलेल्या बाईच्या मनात तो पहिल्याच दमात येतो. एक दिवस दार उघडायचं नाही म्हणजे गोठ्यात पाणी कोण दाखवणार, धार कोण काढणार? ती उत्तराची वाट पाहत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पारावर बसलेल्या एका बाप्पांनी सगळ्यांना धीर दिला. "इथं काय हाय त्याला टाकायला? न कारखाना, न लष्कर." माना डोलल्या. आपण कुणाच्या नेमात नाही, याचं समाधान काही क्षण त्या सावलीत पसरलं. मग तेच बाप्पा स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "पर पोरं पुण्यात हायेत की."

खरी भीती ती होती. आमच्या भागातली पोरं चाकणला कारखान्यात आहेत, भोसरीला वर्कशॉपात, हिंजवडीला संगणकापुढे. कुणी मुंबईत टॅक्सी चालवतं, कुणी फौजेत सरहद्दीवर आहे. सरळ रेषेत मोजलं तर पुणं इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आणि मुंबई सव्वातीनशेच्या. बॉम्बचा नेम शहरावर असतो आणि शहरांत गावांची लेकरं असतात. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी हिरोशिमात आगीला अडसर म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे काढण्याचं काम चालू होतं. त्या कामाला हजारो शाळकरी मुलं लावली होती. जवळच्या कावाउची नावाच्या खेड्यातूनही माणसांची तुकडी त्याच कामाला शहरात गेली होती. सव्वाआठ वाजता बॉम्ब फुटला. तुकडी परतली नाही. खेडं जागेवर राहिलं, शेतं जागेवर राहिली, आणि नांगर धरायला मागे राहिल्या त्या बहुतेक विधवा. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. हा आकडा मनात मावत नाही. कावाउचीची बाई मावते, कारण ती आमच्याकडच्या कुठल्याही बाईसारखी उन्हातान्हात उभी दिसते.

आभाळातून येणाऱ्या भीतीची आमच्या गावांना ओळख आहे. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाश प्रयोगशाळा कोसळणार म्हणून गावोगावी हाय खाल्ली होती. आता मरायचंच आहे तर पोटभर खाऊन घ्यावं म्हणून लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापल्या, अशा आठवणी जुनी माणसं आजही सांगतात. ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. दुसऱ्या दिवशी माणसं औत घेऊन रानात गेली. त्या भीतीत एक निरागसपणा होता. वरून काही पडेल, आपण मरू किंवा वाचू, गोष्ट तिथे संपेल. अणुबॉम्बची भीती अशी संपत नाही. तिच्यात वाचण्याचीच भीती जास्त आहे.

आडोसा कुठे घ्यायचा, हा प्रश्न घेऊन मी गावातली घरं पाहत फिरले. तळघर कुणाकडेच नाही. पूर्वी पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं, आतून लिंपलेलं, तोंडाशी निमुळतं. ज्वारी भरून तोंड मातीने बुजवायचं आणि पुढे दोन-तीन वर्षं तिला हात लावायचा नाही. रझाकारांच्या काळात धान्याबरोबर डागदागिनेही त्याच अंधारात उतरले. पण पेवात माणूस लपत नसे, हे आमच्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. तोंड उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कुणाला उतरू द्यायचं नाही. घाईने उतरलेली माणसं गुदमरून मेल्याची उदाहरणं गावोगावी आहेत. धान्य जमिनीखाली महिनोन्‌महिने तगून राहतं. जित्या माणसाला श्वास लागतो.

राहिली घरं. मराठवाड्यातलं जुनं घर माळवदाचं. हात-दीड हात रुंद दगडमातीच्या भिंती, सागाच्या तुळया, त्यावर लाकडी किलच्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार. मी अलीकडे किरणोत्सर्गाविषयी वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की स्फोटानंतर खाली येणाऱ्या धुळीच्या किरणांना अडवायला असंच घर लागतं. नऊ-दहा सेंटिमीटर घट्ट मातीतून जाताना गॅमा किरणांचा साधारण निम्मा भाग अडतो, पुढच्या तेवढ्याच मातीत उरलेल्याचा निम्मा. काळही मदतीला येतो. स्फोटानंतर तासाभराने जेवढा मारा असतो, त्याचा सात तासांनी दहावा भाग उरतो आणि दोन दिवसांनी शंभरावा. म्हणजे माळवदाच्या मधल्या खोलीत, बळदाशेजारी, दोन दिवस बसून राहिलेला माणूस वाचण्याची बरीच आशा आहे.

पण ती माळवदं आता कुठे आहेत? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि त्याच जाड भिंतींनी, त्याच मातीच्या छपरांनी झोपलेली माणसं गाडली. जवळपास दहा हजार माणसं गेली. सगळा मराठवाडा त्यानंतर कित्येक रात्री अंगणात, रानात, उघड्यावर झोपला. पांढरी माती डोक्यावर नको, असं माणसांच्या जिवानेच ठरवलं. भिंती उतरल्या, पत्रे आले. पत्र्याखाली भूकंपाचं भय कमी झालं. किरणांना मात्र पत्रा म्हणजे न अडवल्यासारखाच. एका संकटाने शिकवलेलं शहाणपण दुसऱ्या संकटात असं उघडं पडतं. यात त्या माणसांची चूक काहीच नाही. पाठीमागे जे येऊन गेलं त्याच्यापासूनच माणूस स्वतःला राखू शकतो. स्वित्झर्लंडने कायदा करून आपल्या सगळ्या लोकसंख्येला पुरतील इतके निवारे जमिनीखाली बांधून ठेवले आहेत. आमच्या गरिबाने कर्ज काढून घातलेल्या पत्र्याच्या खोलीला कोण काय बोल लावणार?

समजा, सगळं नशिबाने घडलं. बॉम्ब दूर पडला, उंचावर फुटला. उंचावर फुटलेला बॉम्ब जमिनीची माती कमी उचलतो, म्हणून त्याची विषारी धूळ दूरवर कमी जाते. समजा, तलवाड्यावर काहीच पडलं नाही. मग पुढे?

हिरोशिमात स्फोटानंतर काही वेळाने पाऊस आला. राख आणि काजळी घेऊन आलेला तो पाऊस काळा होता. होरपळलेली, तहानेने व्याकूळ झालेली माणसं तोंड वर करून ते थेंब प्यायली. त्या पावसात भिजलेल्यांपैकी अनेकांना आपल्या आजारांचा बॉम्बशी संबंध आहे हे मान्य करून घेण्यासाठी कोर्टात जावं लागलं. हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो २०२१ मध्ये, शहात्तर वर्षांनी. आमच्याकडे मृगाच्या पहिल्या सरीत म्हातारी माणसंसुद्धा मुद्दाम भिजतात. घामोळं जातं म्हणतात, पण खरं कारण आनंद. पाऊस आला की लेकरांना घरात ओढायचं, पन्हाळीखाली भांडं ठेवायचं नाही, असा दिवस या मुलखात उगवला तर आमचं काय उरलं? ज्याची वर्षभर वाट पाहायची त्याच्यापासूनच लपायचं, ही कल्पना मला स्फोटाच्या कल्पनेपेक्षा जास्त घाबरवते.

चुलतीच्या गाईचं उत्तरही मला पुढे सापडलं, आणि ते सांगवत नाही. स्फोटातून किरणोत्सर्गी आयोडीन सुटतं. ते गवतावर बसतं, गवतातून गाईच्या पोटात, तिथून दुधात आणि दुधातून लेकरांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातानंतर तिकडच्या कितीतरी मुलांना त्या ग्रंथीचा कर्करोग झाला तो मुख्यतः अशा दुधातून. आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, दोन-तीन महिन्यांत जवळपास संपतं. सीझियम निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. तीस वर्षं म्हणजे रानाच्या एका मालकाची सगळी कर्ती उमेद. दूध, पाऊस, माती: ज्यांच्या नावाने आम्ही पूजा मांडतो त्यांच्याकडेच संशयाने पाहायला लावणारं हे हत्यार आहे.

आणि तरीही तलवाड्यासारख्या गावाचं सर्वांत मोठं मरण याहून वेगळ्या वाटेने येईल. अमेरिकेतले ॲलन रोबॉक, ब्रायन टून आणि त्यांचे सहकारी २००७ पासून एका प्रश्नाचं गणित मांडत आहेत: भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या शहरांवर हिरोशिमाच्या ताकदीचे शंभर बॉम्ब टाकले तर हवामानाचं काय होईल? पेटलेल्या शहरांची सुमारे पन्नास लाख टन काजळी पावसाच्या ढगांच्याही वर जाऊन बसेल, असं त्यांनी मांडलं. तिथे पाऊस नाही, त्यामुळे ती धुतली जाणार नाही. काही वर्षं ऊन मंद होईल, पृथ्वीचं सरासरी तापमान सव्वा अंशाने उतरेल, पाऊस घटेल. २०२२ मध्ये लिली शिया आणि रोबॉक यांच्या गटाने पुढचा हिशेब केला. या दोन देशांतलं युद्ध मोठ्या प्रमाणावर भडकलं तर जगभरात दोन अब्जांहून अधिक माणसं भुकेने मरू शकतात. काजळी किती उठेल आणि किती वर जाईल, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण हिशेब निम्म्याने चुकला असं धरलं, तरी आमच्यासारख्या, निम्मा पाऊस कमी झाला की उठून जावं लागणाऱ्या मुलखाने तो मनावर घ्यायलाच हवा.

म्हणजे आमच्या दारात अणुयुद्ध येईल ते दुष्काळाचं रूप घेऊन. आणि दुष्काळाला आम्ही ओळखतो.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून गावात आहेत. विहिरी तळाला गेल्या, जनावरं कसायाला नाहीतर वाऱ्यावर गेली, बायका पाठीला तान्ही लेकरं बांधून खडी फोडायला बसल्या. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो. ती भाकरी घशाखाली उतरत नव्हती, असं प्रत्येक म्हातारी सांगते, आणि ती खाऊनच जगलो असंही तीच सांगते. त्या दुष्काळी कामांमधून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. त्या वर्षांत बांधलेल्या पाझर तलावांवर अजून गुरं पाणी पितात. आमच्या अंगात चिवटपणा आहे, असं म्हणायची मग सवयच लागली. चिवटपणा आहेच. पण त्या म्हाताऱ्यांचं बोलणं नीट ऐकलं तर आणखी काही ऐकू येतं. मिलो कुठल्या तरी दूरदेशी पिकली होती. त्या देशात पाऊस झाला होता, कुणी पेरलं होतं, बंदरावर कुणी पोती उतरवली होती, कुठून तरी रेल्वे चालत आली होती. आम्ही वाचलो कारण दुसरीकडे कुणी शाबूत होतं.

हे एकदा लक्षात आलं आणि सगळा इतिहास त्या उजेडात दिसू लागला. १९४८ मध्ये निजामी राजवटीच्या शेवटच्या महिन्यांत रझाकारांच्या भयाने आमच्या भागातल्या माणसांनी बायकापोरं हद्द ओलांडून नगर जिल्ह्यात नेली, कारण हद्दीपलीकडे दुसरं राज्य होतं. सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर ती परतली. त्याआधी, १० ऑगस्ट १७६३ ला, याच तालुक्यातल्या राक्षसभुवनला पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली, गोदावरीला पूर असताना. फौजा जिथून जात तिथली पिकं, कडबा, गुरं धुऊन नेत. गावं मोडत, आणि माणसं न मोडलेल्या गावी पाहुण्यांकडे जाऊन पुन्हा उभी राहत. किल्लारीला तंबू, भांडी, धान्य, डॉक्टर सगळ्या देशातून आले. आजही दरवर्षी दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन बीड जिल्ह्यातली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. ते जाणं कष्टाचं, अपमानाचंही आहे, आणि ते थांबलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण इथल्या कोरड्या वर्षी चूल पेटते ती कृष्णाकाठच्या पाण्यावर. २०२० च्या टाळेबंदीत ही वाट पहिल्यांदा बंद झालेली आम्ही पाहिली. माणसं कारखान्यांवर अडकली, गावांनी वेशीवर काटे टाकले, शहरातून आलेल्या लेकराला ओसरीवर घ्यावं की नाही, असा प्रश्न आईला पडला. दुसरीकडे जायला जागा नसणं म्हणजे काय, त्याची ती ओझरती झलक होती.

अणुयुद्ध म्हणजे ती जागा कायमची जाणं. ऊन मंदावेल ते सगळ्यांचं. पिकं बुडतील ती इथलीही आणि ज्यांनी मिलो पिकवली त्यांचीही. नगर असणार नाही, कृष्णाकाठ असणार नाही, बंदरावर पोती उतरवणारा असणार नाही. तेव्हा पेवात किती पोती आहेत यावर एखादं घर एक वर्ष काढील. दुसऱ्या वर्षी त्या पेवाच्या तोंडाशी शेजारी उभा असेल. त्याला काय म्हणायचं, हे कुठल्याही बंकराच्या नकाशात लिहिलेलं नाही. आम्ही शेजाऱ्याला वाटीभर पीठ देऊन जगलेली माणसं आहोत. फक्त स्वतःपुरतं वाचण्याची विद्या आम्हाला अवगत नाही, आणि व्हावी असंही मला वाटत नाही.

म्हणून भ्यालेल्या माणसांना मी हसू शकत नाही, आणि 'आपल्याकडं काही होत नाही' असं सांगून त्यांची भीती घालवूही शकत नाही. ती भीती खरी आहे. तिला फक्त नीट दिशा हवी. मेणबत्त्या, पाण्याचे ड्रम, औषधं ठेवावीत. दोन दिवस घरात कसं थांबायचं ते लेकरांना शिकवावं. त्याने काही जीव खरोखर वाचतात. पण त्या भीतीचा मोठा भाग आपण आपल्या राज्यकर्त्यांपुढे मागणी म्हणून ठेवला पाहिजे. दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, 'यांच्यावर हल्ला करायचा नाही' म्हणून. १९८८ च्या करारातली ही रीत १९९२ पासून चालू आहे, कारगिलच्या काळातही ती मोडली नाही. म्हणजे इतकं वैर असूनही काही गोष्टी राखता येतात. तशाच आणखी राखाव्यात. अणुबॉम्ब पहिल्यांदा आम्ही वापरणार नाही, हा भारताचा शब्द अखंड राहावा. २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालेल्या जपानच्या निहोन हिदांक्यो या संघटनेतल्या वृद्ध माणसांनी हिरोशिमा-नागासाकीतून वाचून उरलेलं आयुष्य हेच सांगण्यात घालवलं, की आमच्यावर जे आलं ते पुन्हा कुणावर येऊ नये. त्या 'कुणावर'मध्ये शत्रूही येतो.

ही गोष्ट बोलायला अवघड आहे. ज्या घरातला मुलगा सरहद्दीवर उभा आहे त्या घरात तर फारच अवघड. तरी मी बोलते, कारण धुराच्या त्या हिशेबाचा दुसरा अर्थ निघत नाही. जळणारं शहर कुठलंही असो, त्याची काजळी त्याच आभाळात चढते आणि तेच ऊन झाकते. लाहोर जळलं तर तलवाड्याची बाजरी भरणार नाही. कराची जळली तर आमचा पाऊस चुकेल. आपलं गाव वाचावं अशी ज्याची मनापासून इच्छा आहे, त्याला ती शहरंही शाबूत असावीत अशी इच्छा धरावीच लागेल, मग त्याला ते आवडो न आवडो. तलवाड्याच्या ग्रामसभेतही मी हे उभं राहून सांगेन, फौजेतल्या पोराच्या आईसमोर सांगेन. मला वाटतं, तिला ते सगळ्यांच्या आधी कळेल.